विश्लेषण : बाळाचे कापडी लंगोट धुताना नेमके कुठे चुकते?

जड पाणी, कापडात उरलेला साबण आणि ट्रंकेतल्या डांबर गोळ्या. तान्ह्या बाळाला त्रास होतो तो बहुतेक वेळा यांमुळे.

पूर्णा–नांदेड रेल्वेमार्गावरील चुडाव्यासारख्या (ता. पूर्णा, जि. परभणी) गावांत लेक बाळंतपणाला माहेरी येणार म्हटले, की जुनी सुती लुगडी आणि धोतरे ट्रंकेतून बाहेर निघतात. त्यांचेच लंगोट आणि दुपटी होतात. ही जुनी पद्धत चांगलीच आहे, मात्र धुण्याची रीत नीट हवी.

डायपर सोयीचे, मग लंगोट कशाला?

प्रवासात किंवा रात्री डायपर कामाला येतो. प्रश्न येतो तो वापरानंतर. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेला डायपर नीट गुंडाळून वेगळा द्यावा लागतो. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने अशा पुडक्यांवर लाल ठिपका काढण्याची मोहीम राबवली. पण जिथे घंटागाडी रोज फिरत नाही, तिथे डायपर उकिरड्यावर किंवा नाल्यात जातो, नाहीतर जाळला जातो. त्यातले प्लास्टिक कुजत नाही.

लंगोट किती लागतात?

तान्ह्या बाळाचे लंगोट दिवसाला दहा-बारा वेळा बदलावे लागतात. त्यामुळे २४ ते ३० लंगोट असले, तर पावसाळ्यातही ओढाताण होत नाही. लंगोटाचा आणखी एक फायदा म्हणजे शू मोजता येते. पाचव्या दिवसानंतर बाळाने २४ तासांत किमान सहा वेळा लंगोट ओला केला, तर दूध पुरते आहे असे समजतात. त्याहून कमी वेळा ओला होत असेल, तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना लगेच सांगावे.

धुण्याचा क्रम काय असावा?

• शी आधी संडासात टाकावी. ‘लेकराच्या शीला काय होतंय’ हा समज चुकीचा आहे. तिच्यातूनही जुलाबाचे जंतू पसरतात. म्हणून हे लंगोट हातपंपाजवळ, विहिरीच्या कठड्यावर किंवा ओढ्यात धुऊ नयेत.

• मग थंड पाण्यात खळबळून घ्यावेत. सुरुवातीलाच गरम पाणी घातले तर डाग पक्के होतात.

• त्यानंतर गरम पाणी आणि डिटर्जंट पावडर घालून घरच्या इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत. जुलाब किंवा बुरशीचे पुरळ असेल, तर सुती लंगोट उकळून घ्यावेत.

• दोन-तीन पाण्यांतून काढावेत. शेवटच्या पाण्याला फेस नसावा.

• कडक उन्हात पसरून वाळवावेत आणि हात धुवावेत.

कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव टाळावे, कारण त्याच्या थरामुळे कापड पाणी कमी शोषते. जंतुनाशकाचे पाणीही रोज नको, अंश उरला तर त्वचा चुरचुरते.

बोअरच्या पाण्याचे काय?

दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे भूजल बऱ्याच ठिकाणी जड असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन पांढरट साका तयार होतो. तो धाग्यांत बसतो, लंगोट खरखरीत होतो आणि पाणी कमी शोषतो. म्हणून इथे वडीपेक्षा पावडर बरी. पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडाही चालतो, पण तो पुरता निघेपर्यंत खळबळावे. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असली, तरी काटकसर शेवटच्या खळबळण्यात करू नये. ते पाणी पुढच्या खेपेला पहिल्या धुण्यासाठी वापरता येते.

पावसाळ्यात वाळत नाहीत, तेव्हा?

दमट लंगोट बाळाला कधीही घालू नये. पंख्याखाली वाळवून वरून गरम इस्त्री फिरवावी. चुलीवर किंवा बाळंतिणीच्या शेगडीवर वाळत घालू नयेत. धूर बसतो आणि आगीचाही धोका असतो.

सर्वात मोठा धोका कोणता?

डांबर गोळ्या. थोरल्या भावंडाचे लंगोट, झबली आणि दुपटी या गोळ्या टाकून ठेवलेली असतात. गोळ्यांतील नॅफ्थलीन कापडात मुरते आणि बाळाच्या श्वासातून व त्वचेतून शरीरात जाते. ‘जी६पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्यामुळे तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. कमतरता आहे की नाही, हे बाळाकडे पाहून कळत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरे. आधीच गोळ्यांत ठेवलेले कपडे शक्यतो बाळासाठी काढू नयेत.

डॉक्टरकडे कधी जावे?

ओला लंगोट लगेच बदलला आणि जागा कोरडी ठेवली, की साधी लाली बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरते. जांघेच्या घड्यांत लालभडक चट्टे, कडेला बारीक पुटकुळ्या, पू किंवा ताप दिसला तर घरगुती उपाय थांबवावेत. बाळ पिवळे दिसत असेल, दूध ओढत नसेल किंवा शू गडद होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.