तापल्याशिवाय न गाणारी पेटी

आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. सातच्या बातम्या ऐकायच्या तर आजोबा सात वाजायला दोन मिनिटं असतानाच त्याचा खटका दाबत. आधी डायलमागचा दिवा लागे, मग मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून तांबूस उजेड दिसे, तापलेल्या धुळीचा वास येई आणि मग लांबून चालत यावा तसा आवाज यायला लागे. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि ही दोन मिनिटं आमच्या आयुष्यातून गेली. मी रेडिओ-दुरुस्ती शिकलो तो या गेलेल्या जमान्याच्या शेपटाला धरून. त्यामुळे शिकागोत राहणाऱ्या भाच्याचा फोन आला, ‘मामा, १९६४ चा फेंडर डीलक्स रिव्हर्ब मिळतोय, घेऊ का?’, तेव्हा माझं पहिलं उत्तर होतं, ‘वेडा आहेस का?’ पैसे दोन महिन्यांच्या पगाराइतके. साठ वर्षांपूर्वीच्या गिटार-अॅम्प्लिफायरसाठी!

नंतर मी महिनाभर या विषयात शिरलो आणि माझं मत निम्मं बदललं. उरलेलं निम्मं का बदललं नाही, तेही सांगतो.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आत एक तार तापते, तिच्यामुळे तापलेल्या पत्र्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पलीकडच्या धन भाराच्या पत्र्याकडे धावतात. मध्ये एक विरळ जाळी असते. गिटारच्या तारेखालच्या पिकअपमधून आलेला अगदी क्षीण विद्युतदाब या जाळीवर दिला, की मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमी-जास्त होतो. तोटीवर बोट ठेवून पाण्याची धार नाचवावी तसा. १९०६ साली ली डी फॉरेस्टने ही जाळी घातली आणि रेडिओपासून लांबच्या टेलिफोनपर्यंत सगळ्याचा रस्ता मोकळा झाला. लिओ फेंडरच्या डीलक्स रिव्हर्बमध्ये असे नऊ व्हॉल्व्ह असतात: सहा छोटे, शेवटच्या टप्प्यात ‘६ व्ही ६’ जातीचे दोन दणकट आणि एक एसीचं डीसी करणारा. ताकद साधारण २२ वॉट, कर्णा बारा इंची.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ-दुरुस्ती करणारा माणूस. गिटार त्याला वाजवता येत नसे. त्याने सुरुवातीला बनवलेल्या पेट्या मांडीवर आडव्या धरून वाजवायच्या हवाईयन गिटारबरोबर विकल्या जात. त्याला हवा होता स्वच्छ, चकचकीत सूर. आवाज फाटणं हा त्याच्या लेखी दोष होता. हा दोषच पुढे गुण ठरला, ही या इतिहासातली गंमत. १९५१ मध्ये मेम्फिसला ‘रॉकेट ८८’ हे गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा वाटेत मोडतोड झालेला अॅम्प्लिफायर तसाच वापरला गेला, कर्ण्यात कागद कोंबून. तो घरघरता आवाज लोकांना आवडला. फेंडरने ‘बासमन’ बनवला होता बास गिटारसाठी, पण साध्या गिटारवाल्यांनी तो पळवला. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल या ढोलवादक दुकानदाराने त्याच बासमनचा आराखडा समोर ठेवून आपली पेटी बनवली आणि रॉक संगीताला त्याचा ओळखीचा गडगडाट मिळाला.

आवाज फाटतो म्हणजे काय? व्हॉल्व्हला त्याच्या आवाक्याबाहेर ढकललं, की लहरीचं टोक हळूहळू चपटं होत जातं. साध्या ट्रान्झिस्टर मंडलात ते एकदम कापलं जातं, कानाला करवतीसारखं लागतं. ‘व्हॉल्व्ह सम क्रमांकाचे स्वरांश देतो म्हणून गोड’ असं एक सुभाषित सगळीकडे ऐकू येतं. ते अर्धसत्य आहे, कारण जोडीने चालणारे शेवटचे दोन व्हॉल्व्ह नेमके हेच अंश बऱ्याच प्रमाणात एकमेकांचे खोडून टाकतात. गोडव्यात इतरांचाही वाटा आहे. जोराने तार छेडली की वीजपुरवठ्याचा दाब क्षणभर खचतो, सूर दबून पुन्हा फुलतो. वादकाला बोटाखाली काहीतरी लवचीक असल्यासारखं वाटतं. शिवाय गिटारचा कर्णा साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं फारसं बाहेर सोडत नाही, त्यामुळे कर्कशपणा तिथेच गाळला जातो.

आता खरेदी. भाच्याला मी सांगितलं, आवाज ऐकण्याआधी पेटीच्या पोटात बघ. फेंडरच्या त्या काळच्या पेट्यांत आतल्या कागदी तक्त्यावर दोन अक्षरांचा शिक्का असतो. पहिलं अक्षर वर्षाचं, ‘ए’ म्हणजे १९५१ पासून, दुसरं महिन्याचं. ‘एन के’ असेल तर नोव्हेंबर १९६४. पण कागद बदलता येतो, म्हणून सुट्या भागांवरचे आकडे ताडून पाहायचे. ट्रान्सफॉर्मरवर ६०६ म्हणजे शूमाकर, कर्ण्यावर २२० म्हणजे जेन्सन, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, आवाजाच्या बटणामागे १३७ म्हणजे सीटीएस. पुढे वर्ष आणि आठवडा. १३७ ६४ ३८ वाचलं तर भाग १९६४ च्या अडतिसाव्या आठवड्यातला. सगळे भाग पेटीच्या तारखेच्या थोडे आधीचे हवेत. एखादा नंतरचा निघाला, तर कुणीतरी तो बदललाय आणि किंमत त्या मानाने उतरायला हवी. शूमाकर आणि जेन्सन दोन्ही कंपन्या शिकागोच्या. म्हणजे हे भाग कॅलिफोर्नियाला जाऊन पुन्हा माहेरी आले होते.

जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसने फेंडर कंपनी एक कोटी तीस लाख डॉलरना विकत घेतली. त्याआधीची पेटी म्हटली की बाजार वेडा होतो. पण या पेटीचं मंडल त्या दिवशी बदललं नाही. तोच आराखडा पुढेही काही वर्षं चालला. जास्तीचे पैसे कॅलेंडरला द्यायचे असतील तर खुशाल द्यावेत, कानाला फरक कळेल असं मला वाटत नाही. भाच्याशी माझं याच मुद्द्यावर वाजलं.

आणि मग धोक्याची गोष्ट. विक्रेता ‘सगळं मूळचं आहे, काहीही बदललेलं नाही’ असं अभिमानाने सांगतो, तेव्हा माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. विजेचा पुरवठा सपाट करणारे मोठे कंडेन्सर वीस-पंचवीस वर्षांत सुकतात. साठ वर्षांचे कंडेन्सर एक दिवस ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातात. त्याहून वाईट म्हणजे त्या काळची दोन पिनांची वायर. अर्थिंग नाही आणि मेन लाइन व पत्र्याचा सांगाडा यांच्यात एक कंडेन्सर जोडलेला. तो शॉर्ट झाला की सांगाडा, सांगाड्याला जोडलेल्या गिटारच्या तारा आणि वाजवणाऱ्याचा हात, तिन्ही जिवंत लाइनवर. दुसऱ्या हाताने किंवा ओठांनी अर्थ केलेल्या मायक्रोफोनला स्पर्श झाला की संपलं. तो कंडेन्सर काढून तीन पिनांची वायर बसवणं हा पहिला खर्च. किंमत पडेल म्हणून हे टाळणारा संग्राहक मला समजत नाही. जुन्या गाडीचे टायर कुणी मूळचे ठेवतं का?

हे काम घरी करू नकोस, असं मी भाच्याला दोनदा बजावलं. आत चारशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतो. कर्णा न जोडता पेटी चालवायची नाही, तेही सांगितलं. त्याने आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि खरी किंमत त्याचीच असते. व्हॉल्व्हची काळजी नाही. रशियात, स्लोव्हाकियात, चीनमध्ये ते अजून बनतात. आपल्याकडच्या रेडिओंना पुरवणारा बंगळूरचा भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना मात्र त्यातून कधीच बाहेर पडला. कधी पेटी पुण्याला आणलीच, तर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावायची नाही, स्टेपडाउन हवा. शिवाय साठऐवजी पन्नास सायकलवर तिचा ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापेल.

त्याने ती घेतली, घासाघीस करून. कारागिराने कंडेन्सर आणि वायर बदलली आणि जुने भाग पिशवीत घालून पेटीच्या तळाशी ठेवले. पुढच्या मालकासाठी, अशी रीत आहे. आत चिकटपट्टीच्या तुकड्यावर एका बाईचं पहिलं नाव पेनाने लिहिलेलं सापडलं. फुलर्टनच्या कारखान्यात तारा जोडण्याचं काम बहुतेक बायका करत आणि आपल्या हातची पेटी ओळखता यावी म्हणून नाव चिकटवत.

२२ वॉट ऐकायला किरकोळ वाटतात, पण फ्लॅटमध्ये खिडक्या थरथरतात. दहापैकी पाचाच्या आसपास बटण नेलं की सूर फाटायला लागतो, आणि तिथून पुढे गिटारवरचंच बटण थोडं मागे घेतलं की पुन्हा स्वच्छ होतो. हाताच्या दाबाने तो या सीमेवर इकडून तिकडे जातो. भाचा हे शनिवारी दुपारी तासभर करतो, खालच्या मजल्यावरच्या आजीबाई बाहेर असतात तेव्हा. परवा त्याने मला फोनवर ऐकवायचं ठरवलं. खटका दाबला आणि म्हणाला, ‘मामा, जरा थांब हं, तापू दे.’