बॅकअप आहे, पण उघडून पाहिलाय का?

व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट बहुधा मूळ डिस्कच्याच स्टोरेजवर असतो; स्टोरेज गेले की तोही जातो. त्याला बॅकअप समजणे धोक्याचे. शिवाय डेटाबेस चालू असताना मेमरीत असलेला डेटा अशा प्रतीत येईलच असे नाही. म्हणून विंडोज सर्व्हरवर व्हीएसएस ही सेवा अ‍ॅप्लिकेशनला आधी सगळे डिस्कवर लिहायला लावते, लेखन क्षणभर थांबवते आणि मगच प्रत घेते.

एवढे करूनही प्रत खरोखर निघते आहे का, हे पाहावे लागतेच. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत एका इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरले. रोजचा बॅकअप शोधला, तर जागा रिकामी! डेटाबेस पोस्टग्रेस ९.६चा, बॅकअपचे साधन ९.२चे, त्यामुळे तो निघतच नव्हता. तसे कळवणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेली, स्टेजिंग सर्व्हरवर उतरवलेली प्रत होती म्हणून निभावले. मधल्या सहा तासांचा डेटा मात्र गेला.

या महिन्यात एक मशीन वेगळ्या सर्व्हरवर रिस्टोअर करा आणि अ‍ॅप्लिकेशनमध्ये लॉगिन करून कालची नोंद सापडते का ते पाहा.