एनसीसीचा पांढरा गणवेश घातला की नौदलात थेट प्रवेश मिळतो का?

पांढराशुभ्र गणवेश, मागे समुद्र आणि खाली कॅप्शन 'नेव्ही लोडिंग'. अशी रील तुम्हीही पाहिली असेल. कॉमेंटमध्ये एक प्रश्न हमखास असतो: "एनसीसी केलं की नेव्हीत डायरेक्ट घेतात का?"

नाही. आणि एनसीसी केलं म्हणून नौदलात जावंच लागतं, असंही नाही. मग नेव्हल विंगमध्ये तीन वर्षं घालवून मिळतं काय?

एनसीसीचा कायदा १९४८ चा. तिचा नौदल विभाग १९५२ मध्ये सुरू झाला. (मुंबईतली सी कॅडेट कोअर ही स्वयंसेवी संस्था वेगळी आणि त्याहून जुनी. ती १९३८ मध्ये कराचीत सुरू झाली आणि फाळणीनंतर मुंबईत आली.) नेव्हल विंगसाठी समुद्र जवळ असावाच लागतो, असं मात्र नाही. नागपुरातही नेव्हल युनिट आहे आणि तिथले कॅडेट अंबाझरी तलावात होडी चालवतात.

कवायत आणि नेमबाजी सगळ्याच कॅडेटना असते. नेव्हल विंगचं वेगळेपण पाण्यात उतरल्यावर कळतं. 'व्हेलर' ही २७ फुटी होडी घ्या. पाच जण, प्रत्येकाच्या हातात एक लांब वल्हं, आणि मागे सुकाणू धरून हुकूम देणारा सहावा. एकाचं वल्हं अर्ध्या क्षणाने उशिरा पडलं तरी ते पुढच्याच्या वल्ह्यावर आपटतं आणि होडी वाकडी जाते. इथे एकट्याच्या ताकदीला फारशी किंमत नाही. हाताला फोड आले तरी ताल चुकवायचा नाही, हुकूम ऐकला की प्रश्न न विचारता तो पाळायचा, आणि आपली पाळी आली की तोच हुकूम स्पष्ट आवाजात द्यायचा. जहाजावरचं जगणं बरंचसं असंच असतं.

दोराच्या गाठींचंही तसंच. ताण आला तरी न सुटणारी आणि गरज पडली की झटकन सुटणारी गाठ अंधारात, ओल्या हातांनी बांधता आली पाहिजे. कोळीवाड्यातल्या पोरांना यात नवल वाटणार नाही. बाकीच्यांना वेळ लागतो.

शिवाय शिडाची होडी, जहाजांची मॉडेल्स आणि झेंड्यांनी अक्षरं दाखवणारं सेमाफोर. व्हॉट्सॲपच्या काळात झेंडे कशाला? कारण शत्रूला सुगावा लागू नये म्हणून जहाजं कधीकधी रेडिओ बंद ठेवतात. या सगळ्याचा कस अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात लागतो. हे शिबिर लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवरही भरलं आहे. निवडक कॅडेटना नौदलाच्या जहाजावर राहायलाही मिळतं. समुद्र लागतो की नाही, हे तिथेच समजतं. नोकरीत गेल्यावर समजण्यापेक्षा ते बरं.

आता प्रमाणपत्राचं. शाळेत 'ए', कॉलेजच्या दोन वर्षांनंतर 'बी', तीन वर्षांनंतर 'सी'. अलीकडच्या सीडीएस जाहिरातींत एझिमलाच्या नौदल अकादमीतल्या ६ जागा 'सी' प्रमाणपत्रधारकांसाठी दाखवलेल्या असतात. पण अटी नीट वाचा. प्रमाणपत्र नेव्हल विंगचंच लागतं, आर्मी विंगचं चालत नाही. आणि पदवी इंजिनिअरिंगची हवी. बी.कॉम. करत तीन वर्षं वल्ही मारलेल्या मुलाला हे शेवटच्या वर्षी कळतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो. या जागा अविवाहित मुलांसाठी असतात. मुलींना शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा मार्ग खुला आहे.

एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत कुणालाच चुकत नाही. तिथे गटाला ओंडके, दोर आणि फळ्या देऊन अडथळा पार करायला सांगतात. व्हेलर चालवलेला कॅडेट तिथे किमान गोंधळत तरी नाही.

त्यामुळे एफवायला प्रवेश घेतानाच कॉलेजमध्ये विचारा: तुमच्याकडे एनसीसीची कोणती विंग आहे? बऱ्याच ठिकाणी फक्त आर्मी विंग असते.