वणव्याच्या दिवसांत धावण्याचा सराव



थंडी सरत आली की आपल्या कोकणातल्या डोंगरांवरचे गवत वाळून पिवळे पडते आणि वणव्याचे दिवस सुरू होतात. ते पार मे महिन्यापर्यंत चालतात. नेमकी याच वेळी यंदा जिल्ह्याची धावण्याची स्पर्धा आहे आणि तालुक्यातून माझी निवड झाली आहे. इकडे आमची काजूची बाग डोंगराच्या उतारावर. खाली गवताचा माळ, वर कातळाचा सडा. मी सराव करते ती त्या सड्यावर. बागेला मोहोर आला आहे आणि समोरच्या डोंगरावर दोन-तीन दिवसांआड धूर दिसतो. काजूचे कलम जळले तर नवीन लावून बी धरायला तीन वर्षे तरी जातात. त्यामुळे घरात सगळे आळीपाळीने राखण करतात. मग सराव चालू ठेवायचा की सोडायचा? याबद्दल बाबा, आजी आणि गुरुजींकडून मला जे कळले, ते सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

वणवा कसा चालतो?

आगीला तीन गोष्टी लागतात : जळण, हवा आणि उष्णता. वाळलेले गवत आणि झाडाखालचा पातेरा हे जळण. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो, तो हवा पुरवतो. भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते इथे कामाला येतात. पहाटे गवतावर दंव असते आणि वारा मंद असतो, म्हणून तेव्हा आग दबलेली असते. दुपारी १२ ते ४ ही वेळ सर्वांत वाईट.

वणवा चढावर जास्त जोरात पळतो. ज्वाला वरच्या गवताकडे झुकतात, गरम हवाही वर जाते आणि पुढचे गवत आधीच तापून कोरडे होते. चढ दहा अंशांनी वाढला की वणव्याचा वेग साधारण दुप्पट होतो. आपले मात्र उलटे. चढावर आपला वेग कमी होतो आणि दम लागतो. म्हणून कितीही चांगले धावता येत असले तरी वणव्याशी शर्यत लावायची नाही. आग खालून येत असेल तर डोंगर चढत पळू नये. आगीच्या वाटेतून आडवे बाजूला व्हावे आणि रस्ता, नांगरलेले शेत, मोकळा कातळ किंवा आधीच जळून विझलेली काळी जमीन गाठावी. तिथे जाळायला काही उरलेले नसते.

धूर आणि छाती

बसलेल्या मोठ्या माणसाच्या छातीत मिनिटाला सहा-सात लिटर हवा जाते. जोरात धावताना ती दहापट किंवा त्याहून जास्त होते. शिवाय आपण तोंडाने श्वास घेतो, त्यामुळे नाकातली गाळणी चुकते. धुरातले बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान असतात. ते छातीत खोल जाऊन बसतात. तोंडाला रुमाल बांधला तरी ते अडत नाहीत. म्हणून धुराचा वास येत असेल त्या दिवशी धावायचे नाही, असा आमच्या गुरुजींनी नियमच केला आहे. दमा असलेल्या मुलांनी तर जास्तच जपावे.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. पहाटेची हवा नेहमी स्वच्छच असते असे नाही. रात्री थंड हवा खाली उतरते आणि आदल्या दिवशीचा धूर दरीत कोंडून राहतो. ऊन वर आले की तो उठतो. त्यामुळे खाली वाडीत धूर साचलेला असला तरी वरच्या सड्यावर हवा चांगली असू शकते. समोरचा डोंगर स्वच्छ दिसतो का, ते आधी पाहायचे आणि मगच धावायला निघायचे.

मग सराव कसा करायचा?

आमचा क्रम असा आहे. हवा चांगली असेल तर सकाळी सड्यावर धावते. एकटी जात नाही, दादा बरोबर असतो. कुठून जाणार ते आजीला सांगून निघते. परतीची वाट दोन्ही बाजूंनी मोकळी हवी. दुपारी डोंगरात जायचेच नाही. धूर असेल त्या दिवशी विश्रांती. आठवडाभर धावले नाही तरी ताकद फारशी घटत नाही, असे गुरुजी सांगतात. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, त्यामागे कितीतरी वर्षांचा सराव होता. असा सराव एका आठवड्यात घडतही नाही आणि बिघडतही नाही.

आणि बागेतले काम हाही व्यायामच आहे. आम्ही बागेभोवती दहा-बारा फुटांचा पट्टा गवत कापून, पातेरा ओढून उघडा केला आहे. याला जाळरेषा म्हणतात. गडग्याच्या कडेचा पातेराही काढला, कारण दगड जळत नसले तरी त्यावरून ठिणगी उडते. विळा चालवून आणि भारे वाहून पाय व पाठ चांगलीच भरून येते! अशा दिवशी वेगळा व्यायाम मी करत नाही.

आजी म्हणते, "आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, असं आपलं आहे बघ." खरेच आहे. वणवा डोंगरावर आणि पाणी खाली विहिरीत! म्हणून जाळरेषा आधीच हवी. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

धूर दिसला तर

मुलांनी आग झोडपायला जाऊ नये. ते मोठ्यांचे काम आहे, आणि तेही चार-पाच जणांनी मिळून करायचे. आपले काम म्हणजे सांगणे. वनखात्याचा फोन १९२६ आहे आणि अग्निशमन दलाचा १०१. सड्यावर मोबाईलला रेंज नसते, तिथे पायच कामाला येतात. मात्र निरोप घेऊन धावायचे ते आगीपासून दूर आणि मोकळ्या रस्त्यानेच.

पालकांना एक विनंती आहे. पुष्कळ वणवे माणसाच्या हातूनच लागतात. भाजावळ करताना कडेचे गवत आधी कापा, पाण्याच्या कळशा जवळ ठेवा आणि निखारे पुरते विझल्याशिवाय घरी परतू नका. विडीचे थोटूक गवतात टाकू नका.

स्पर्धेत माझा कितवा नंबर येईल ते सांगता येत नाही. बाबा म्हणतात, "शर्यत पुढच्या वर्षीही असते पोरी, छाती मात्र एकच आहे." तेव्हा मित्रांनो, सराव जरूर करा, पण आधी हवा बघा, वारा बघा आणि मगच धावा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी