नानकटाईच्या ताटात ऋतुफळांचा नैवेद्य

दीपावलीच्या दिवसांत स्वयंपाकघराला एक निराळाच परिमळ येत असतो. भाजणीचा खरपूस वास, करंजीच्या सारणातील वेलदोडा, तुपात तळल्या जाणाऱ्या अनारशांवरील खसखस, या साऱ्यांनी घर भरून जाते. या परिचित पदार्थांच्या पंक्तीत अलीकडे एक नवा पाहुणा येऊन बसू लागला आहे. तळाशी खुसखुशीत बिस्किटाचा जाड, गोल थर. त्यावर मऊ, गोड सारण. आणि सर्वांत वर फळांच्या फोडींची रंगीबेरंगी नक्षी. पाश्चात्त्य देशांत यास ‘फ्रूट टार्ट’ म्हणतात. अमेरिकेतील घरांत हाच पदार्थ सपाट, मोठ्या बिस्किटावर रचला की मुले त्यास कौतुकाने ‘फ्रूट पिझ्झा’ म्हणतात.

पदार्थ दिसावयास देखणा, करावयास फारसा कठीण नाही, आणि मुलांना तर अतिशय प्रिय. परंतु सणाच्या दिवशी घरात जे गोडधोड होते ते प्रथम देवापुढे जाते, आणि मगच पानात येते. तेव्हा हा पाहुणा देवघराचा उंबरठा ओलांडू शकेल काय, हा प्रश्न पुष्कळ घरांत उपस्थित होतो. आमच्याही घरी तो झाला होता.

तीन वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर आपल्या कुटुंबासह न्यू जर्सीहून दिवाळीसाठी आले होते. त्यांची चौदा वर्षांची कन्या मोठी हौशी. पाडव्याच्या दिवशी तिने कोणाचेही साहाय्य न घेता हा पदार्थ केला. तिकडून आणलेल्या बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून तिने थर थापला, वर घट्ट सायीचे सारण पसरले, फळे मांडली, आणि त्यांना झळाळी यावी म्हणून पुडीतील जेलीचा पातळ लेप दिला. ताट घेऊन ती देवघरापाशी गेली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा आनंद अवर्णनीय होता.

माझ्या सासूबाईंचे वय तेव्हा शहाऐंशी वर्षांचे. त्यांनी ताट निरखून पाहिले, नातीच्या हाताचे कौतुक केले, आणि सहज विचारले, “बाळ, यात काय काय घातलं आहेस गं?”

मुलगी एकेक जिन्नस सांगू लागली. जेलीशी येताच तिने पुडी आणली व तिच्यावरील बारीक अक्षरे वाचून दाखविली. त्यांत ‘जिलेटिन’ हा शब्द होता. तो काय पदार्थ आहे, हे तिला ठाऊक नव्हते. जनावरांची हाडे व कातडी उकळून तो काढतात, असे तिच्या वडिलांनी हलक्या आवाजात सांगितले, तेव्हा तिचा चेहरा उतरला. बिस्किटांचे वेष्टन पाहिले, तर त्यांतही अंडे निघाले. ताट देवापुढे गेले नाही. आमच्या घरात ते कोणाच्या पानातही गेले नाही. कोणी एका शब्दाने तिला दोष दिला नाही. पण पोर कोपऱ्यात जाऊन बसली.

सासूबाई काठी टेकीत तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “तुझं काही चुकलं नाही. एवढंच, की देवाला दाखवायचं त्यात काय आहे हे दाखवणाऱ्याला ठाऊक हवं. उद्या भाऊबीज आहे. उद्या आपण दोघी मिळून करू.” नंतर माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सूनबाई, रात्री दही बांधून ठेवा.”

त्या रात्री दही बांधता बांधता माझ्या मनात जे विचार आले, ते येथे वाचकभगिनींपुढे ठेवीत आहे.

नवा पदार्थ म्हणून तो निषिद्ध, असे म्हणावयास आपल्याला फारसा आधार नाही. पेरू, सीताफळ, चिकू, पपई आणि अननस ही फळे आपण निःशंकपणे देवापुढे ठेवतो. ती सर्व मूळची अमेरिका खंडातील, आणि पोर्तुगीज व स्पॅनिश लोकांच्या जहाजांबरोबर इकडे आलेली. उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद तिकडचाच. बटाटा, शेंगदाणा आणि राजगिरा यांचेही मूळ तेच. आज यांच्याविना आपला उपवासाचा फराळ होत नाही. याचा अर्थ, आपल्या पूर्वजांनी नव्या वस्तू नाकारल्या नाहीत. त्यांनी त्या पारखल्या, आणि मग आपल्याशा केल्या. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्तिपूर्वक अर्पण केलेल्या पानाफुलांचा, फळाचा व पाण्याचा स्वीकार करण्याचे अभिवचन दिले आहे. त्यात फळ कोणत्या देशीचे असावे, अशी अट नाही.

पारख मात्र हवी, आणि या पदार्थात ती तीन ठिकाणी करावी लागते. पहिले ठिकाण थराचे. पाश्चात्त्य कृतीत पीठ बांधून यावे म्हणून बहुधा अंडे घालतात. दुसरे ठिकाण सारणाचे. मूळच्या कस्टर्डला घट्टपणा येतो तो अंड्यातील बलकामुळे. चीज वापरावयाचे झाल्यास, काही चीज वासराच्या जठरातील रसाने दूध विरजून करण्याची जुनी पद्धत आहे, हे ध्यानात ठेवावे. तिसरे ठिकाण वरच्या लेपाचे. तेथे जिलेटिन असते. बाजारातून आणलेल्या प्रत्येक पुडीवर हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका पाहून घ्यावा. आपल्या देशात वेष्टनातील शाकाहारी पदार्थांवर ही खूण सक्तीची आहे. परदेशातून आप्तांनी आणलेल्या पुड्यांवर ती नसते. तेथे घटकांची यादी वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे उचित ठरेल. कस्टर्ड पावडरीत अंडे असते, असे समजून अनेक घरांत ती वर्ज्य मानतात. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड या रसायनज्ञाच्या पत्नीला अंडे सोसत नसे. तिच्यासाठी त्याने 1837 साली मक्याच्या पिठापासून बिनअंड्याचे कस्टर्ड सिद्ध केले, आणि तीच या पावडरीची जननी होय. तेव्हा वेष्टनावरील खूण व यादी पाहून ती वापरण्यास हरकत नसावी.

आता थराचे काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरात पूर्वीपासून आहे. पिढ्यान्पिढ्या आपण मैदा, साजूक तूप आणि पिठीसाखर एवढ्यावर जी नानकटाई करीत आलो, ती याहून वेगळी काय आहे? पूर्वी दिवाळीपूर्वी डब्यांतून तूप, साखर व मैदा घेऊन घरोघरच्या स्त्रिया गावातील भट्टीवर जात आणि तेथून नानकटाई भाजून आणीत. अंड्यावाचून केवळ तुपाच्या आधाराने पीठ कसे बांधून येते, हे त्या स्त्रियांच्या हातांना ठाऊक होते. नानकटाई फुलून तडकावी म्हणून तिच्यात चिमूटभर सोडा घालतात. आपल्याला सपाट थर हवा असल्याने येथे तो घालावयाचा नाही, एवढाच फरक.

नैवेद्याचा पदार्थ आपण आधी चाखून पाहत नाही. म्हणूनच त्याची मापे नेमकी असावी लागतात. पुढील मापे आठ इंच व्यासाच्या एका ताटलीसाठी असून आमच्या घरी पारखलेली आहेत.

साहित्य

थरासाठी : मैदा 150 ग्रॅम, बेसन 25 ग्रॅम, बारीक रवा 25 ग्रॅम, थिजलेले साजूक तूप 100 ग्रॅम, पिठीसाखर 70 ग्रॅम, किंचित किसलेले जायफळ.

सारणासाठी : म्हशीच्या 1 लिटर दुधाचे ताजे, आंबट न झालेले दही, पिठीसाखर 80 ग्रॅम, केशराच्या आठ-दहा काड्या, अर्धा चमचा वेलदोड्याची पूड.

वर मांडण्यासाठी : एक सफरचंद, एक मोसंबे, एक चिकू, एका लहान डाळिंबाचे दाणे, थोडा लिंबाचा रस.

लेपासाठी : अर्धा कप पाणी, दोन चमचे साखर, पाव चमचा चायना ग्रासची पूड.

कृती

आदल्या रात्री दही स्वच्छ, पातळ फडक्यात बांधून टांगून ठेवावे. सकाळपर्यंत त्यातील पाणी निथळून घट्ट चक्का तयार होईल. त्यात साखर, चमचाभर कोमट दुधात खललेले केशर व वेलदोडा घालून पुरणयंत्रातून काढावे. श्रीखंडास लागते तेवढी साखर येथे घालू नये. साखर वाढली की चक्का सैल होतो, आणि त्यावर फळे ठरत नाहीत.

थरासाठी तूप व साखर हलके होईपर्यंत हाताने फेसावी. त्यात पिठे व जायफळ मिसळून हलक्या हाताने गोळा करावा. कणकेसारखे मळू नये. मळल्याने मैद्याला चिवटपणा येतो व खुसखुशीतपणा जातो. गोळा वळत नसेल तर एक-दोन चमचे दूध लावावे. तूप लावलेल्या ताटलीत हे मिश्रण सारखे थापून कडेने बोटभर काठ उभारावा, काट्याने सर्वत्र टोचे मारावेत, आणि ताटली वीस मिनिटे थंड जागी ठेवावी. ओव्हन असल्यास तो आधी तापवून 170 अंश सेल्सिअसवर वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर पसरून त्यावर तिवई ठेवावी, झाकण घालून दहा मिनिटे तापवावे, आणि मग ताटली आत ठेवून मंद आचेवर सुमारे पस्तीस मिनिटे भाजावे. काठ बदामी दिसू लागले की उतरवावे. गरम असताना थर मऊच लागतो. तो कच्चा राहिला असे समजून पुन्हा भाजावयास ठेवू नये. निवला की आपोआप कडक होतो. पूर्ण निवण्यापूर्वी ताटलीतून काढल्यास हमखास तुटतो.

फळे चिरण्यास घाई करू नये. सफरचंदाच्या फोडी हवेने काळ्या पडतात, म्हणून त्यांना लगेच लिंबाचा रस चोळावा. मोसंब्याच्या फोडींची पातळ साल व बिया काढून त्या अर्धा तास स्वच्छ फडक्यावर पसराव्यात. डाळिंबाचे दाणेही टिपून घ्यावेत. फळांचे पाणी हा या पदार्थाचा खरा शत्रू होय. ते खाली झिरपले की थर भिजून त्याचा लगदा होतो. याच कारणाने चक्का व फळे देवापुढे ठेवण्याच्या फार तर तासभर आधी मांडावीत.

लेपासाठी पाण्यात साखर व चायना ग्रास घालून दोन-तीन मिनिटे चांगले उकळावे. चायना ग्रास समुद्रातील शेवाळापासून होते, म्हणून ते जिलेटिनच्या जागी निर्धास्तपणे वापरता येते. मात्र जिलेटिन कोमट पाण्यातही विरघळते. चायना ग्रासला उकळी लागते, आणि निवू लागताच ते गोठते. त्यामुळे लेप कोमट असतानाच चमच्याने फळांवर हलकेच सोडावा.

आंबट फळे दुधाच्या सारणावर ठेवली तर दूध फाटण्याची धास्ती असते. चक्का मुळातच विरजलेला असल्याने येथे ती चिंता नाही. अननस घ्यावयाचा असेल तर त्याच्या फोडी आधी साखरेबरोबर काही मिनिटे शिजवाव्यात. कच्च्या अननसातील पाचक द्रव्य दुधातील प्रथिनांचे विघटन करते आणि चक्का कडवट होतो.

फळांसाठी दूर जावे लागत नाही. सोलापूरचे डाळिंब, जालन्याची मोसंबी, घोलवडचा चिकू आणि बीडचे सीताफळ या आपल्याच मातीतल्या फळांना भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. सीताफळाचा गर बिया काढून चक्क्यात कालविला तर वेगळ्या सुवासाची गरजच उरत नाही. कार्तिकी एकादशीस हाच पदार्थ करावयाचा झाल्यास थर राजगिऱ्याच्या पिठाचा करावा. त्यात चिकटपणा नसल्याने मोठा थर ठिसूळ होतो. म्हणून लहान लहान वाट्यांत थापून भाजावा.

त्या वर्षीच्या भाऊबिजेची सकाळ मला लख्ख आठवते. चौदा वर्षांची नात पीठ थापीत होती आणि शहाऐंशी वर्षांची आजी पाटावर बसून डाळिंब सोलीत होती. नातीने जिन्नस वजनकाट्यावर मोजले, आजीने ते डोळ्यांनी मोजले, आणि दोघींची मापे जवळजवळ सारखी आली, याचे मुलीला कोण आश्चर्य! फळे मांडताना तिने मध्यभागी डाळिंबाच्या दाण्यांचे कमळ काढले. सासूबाईंनी त्यावर तुळशीचे पान ठेवले, ताट तिच्याच हाती दिले, आणि म्हणाल्या, “आता सांग बघू देवाला, यात काय काय आहे ते.”

देवापुढे उभी राहून मुलीने मैद्यापासून केशरापर्यंत प्रत्येक जिन्नस न चुकता सांगितला. मग पाण्याने मंडल करून तिने नैवेद्य दाखविला, आणि दुपारी भावांना ओवाळल्यावर तेच ताट त्यांच्यापुढे ठेवले.

सासूबाई आज आपल्यात नाहीत. गेल्या भाऊबिजेस न्यू जर्सीहून एक छायाचित्र आले. तिथल्या लहानशा देवघरापुढे नानकटाईचा थर होता, त्यावर तिकडच्या मातीतली फळे होती, आणि मध्यभागी तुळशीचे एक पान होते. खाली मुलीने मोडक्या मराठीत लिहिले होते, “काकू, यात काय काय आहे ते देवाला सांगितलं.”