बागेचे अलंकार : शोभेची फळझुडपे

फुलांचा बहर काही दिवसांत ओसरतो. मात्र फांद्यांवर लगडलेली लहान, रंगीत फळे कितीतरी आठवडे बागेची शोभा वाढवीत राहतात. कुंती, करवंद आणि ड्युरांटा ही अशीच तीन झुडपे होत. त्यांची निवड मात्र केवळ रंग पाहून करणे इष्ट नव्हे. फळे कोणाच्या हाती लागतील, याचाही विचार हवा.

लिंबाच्या कुळातील कुंती, अर्थात कामिनी, सुगंधी पांढऱ्या फुलांनंतर नारिंगी-लाल फळे धारण करते. तिचे बी ताजेच पेरावे. संत्रा-मोसंबीच्या बागेशेजारी मात्र ती लावू नये. कारण या झाडांना उपद्रवी ठरणारी सिट्रस सिला ही कीड तिच्यावरही वाढते. करवंद काटक व काटेरी असल्याने कुंपणास उत्तम. त्याची पिकलेली काळी फळे खाण्याजोगी असतात. मूळच्या उष्णकटिबंधीय अमेरिकेतील ड्युरांटाचे सोनेरी घोस सर्वांत देखणे. परंतु ती फळे पक्षी खात असले, तरी माणसास विषारी आहेत. ज्या घरी लहान मुले आहेत, तेथे ड्युरांटाऐवजी करवंदाची निवड करावी. काट्यांमुळे ते वाटेपासून थोडे दूर असावे.

लागवड पावसाळ्याच्या प्रारंभी करावी. सुमारे 45 सेंटिमीटर लांबी, रुंदी व खोलीचा खड्डा माती आणि चांगल्या कुजलेल्या शेणखताने भरावा. कुंपणासाठी दोन रोपांत 60 ते 90 सेंटिमीटर अंतर ठेवावे. भरपूर ऊन मिळावे. मुळांशी पाणी साचू नये.

फळे न धरण्याचे सर्वसामान्य कारण म्हणजे अवेळी छाटणी. कळ्या फांद्यांच्या शेंड्यांवर येत असल्याने वारंवार कातरलेले कुंपण हिरवेगार दिसते. पण मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीप्रमाणे अपेक्षित फळ देत नाही. म्हणून फळांचा हंगाम संपल्यावरच छाटणी करावी.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. इ. स. 1809 च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेली घाणेरी, अर्थात टणटणी, पक्ष्यांनी वाहून नेलेल्या बियांमुळे देशभरातील जंगलांत पसरली आणि तेथील स्थानिक वनस्पतींना मारक ठरली. बागेतील फळ कुंपणाच्या आत राहत नाही. यासाठीच नवे झुडूप लावण्यापूर्वी त्याच्या फळांचे गुणदोष जाणून घेणे हे बागप्रेमींचे कर्तव्य ठरते.