बालकर्करोगातील इम्युनोथेरपी आणि परिचारिकेची भूमिका

प्रस्तावना

कर्करोगावरील उपचार म्हटले की शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी या तीन पद्धती आठवतात. अलीकडे त्यांत इम्युनोथेरपीची भर पडली आहे. यात शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढण्यास तयार केले जाते. मुलांच्या बाबतीत या उपचाराची सुरक्षितता बऱ्याच अंशी परिचारिकेच्या निरीक्षणावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात याच भूमिकेचा विचार केला आहे.

उपचार आणि धोका

कार-टी पद्धतीत रुग्णाच्या टी-पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्या पुन्हा शरीरात सोडतात. 2012 मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एमिली व्हाइटहेड या रक्ताचा कर्करोग झालेल्या सहा वर्षांच्या मुलीला हा उपचार देण्यात आला. त्यानंतर तीव्र ताप येऊन ती अत्यवस्थ झाली. टोसिलिझुमॅब या औषधामुळे तिचे प्राण वाचले. भारतात 4 जून 2021 रोजी टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत हा उपचार प्रथम झाला. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी विकसित केलेल्या नेक्सकार-19 ला 2023 मध्ये मान्यता मिळाली. मात्र ती 15 वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी आहे.

परिचारिकेचे कार्य

38 अंश सेल्सिअस ताप हा धोक्याचा पहिला इशारा असतो. त्यानंतर रक्तदाब आणि ऑक्सिजनचे प्रमाण घटू शकते. म्हणून ठरावीक वेळाने या नोंदी घेऊन बदल त्वरित डॉक्टरांना कळविणे आवश्यक ठरते. ब्लिनाट्युमोमॅब हे औषध कित्येक दिवस अखंड, मंद गतीने दिले जाते. त्याची नळी द्रावणाने धुतल्यास नळीतील औषध एकदम शरीरात जाण्याची भीती असते. म्हणून ती धुतली जात नाही.

मेंदूवरील परिणाम ओळखणे अधिक कठीण असते. बारा वर्षांवरील मुलांना ठिकाण, महिना, वस्तूंची नावे विचारतात, शंभरपासून दहा-दहाने उलटे मोजायला सांगतात आणि एक वाक्य लिहून घेतात. कालचे सुवाच्य अक्षर आज वेडेवाकडे झाले, तर तो इशारा असतो. लहान मुलांसाठी आठ प्रश्नांची निरीक्षणपट्टी वापरतात: मूल नजरेला नजर देते का, समजावल्यावर शांत होते का, इत्यादी.

येथे भाषेला विशेष महत्त्व आहे. घरी मराठी किंवा उर्दू बोलणाऱ्या इंदूरच्या मुलाला परक्या भाषेत विचारले, तर उत्तर चुकण्याचे कारण आजार की भाषा, हे कळणार नाही. उपचारापूर्वीच मुलाची भाषा, सवयी आणि नेहमीचे अक्षर नोंदविणे म्हणूनच उपयुक्त ठरते. ‘आज हा नेहमीसारखा वाटत नाही’ हे आईचे वाक्यही नोंदीस पात्र आहे.

घरी परतल्यावर

मुंबईत उपचार घेऊन इंदूरला परतलेल्या मुलाला ताप आल्यास पालक प्रथम स्थानिक डॉक्टरांकडे जातील. झालेल्या उपचाराची माहिती देणारे कार्ड सोबत असणे, तापमापक वापरता येणे आणि कोणाला फोन करावा हे ठाऊक असणे, ही शिकवण परिचारिकेनेच द्यावयाची असते.

निष्कर्ष

औषध प्रयोगशाळेत तयार होते. परंतु त्याचा धोका बहुधा खाटेजवळ प्रथम ओळखला जातो. म्हणून परिचर्येच्या शिक्षणात तांत्रिक कौशल्याबरोबरच मुलाच्या मातृभाषेतील संवादाचाही समावेश व्हावा.